काचताईची गरम काच

"थंड काच मुकी असते," असं काचताई म्हणायची. दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. आयाला म्हणायची, डॉक्टरीणबाईंना म्हणायची, समोर कुणी नसलं तर भिंतीला म्हणायची. नवख्या माणसाला वाटावं, हिच्या बाकीच्या काचा काय गप्पा मारतात की काय! तर हो, मारायच्या. तिच्याशी मारायच्या.

काच म्हणजे बोटाएवढी लांब, पातळ पट्टी. डॉक्टरीणबाई तपासणीच्या खोलीत बाईच्या अंगातला ओलावा कापसाच्या काडीवर घेत, ती काडी काचेवरच्या मिठाच्या पाण्याच्या थेंबात फिरवत, आणि तो थेंब काचताई सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघे. कुणाला खाज, कुणाला आग, कुणाच्या अंगावरून पांढरं जातं, कुणाच्या हिरवट. बायका ही दुखणी नवऱ्याला सांगत नाहीत, सासूला सांगत नाहीत. आईला सांगितली तर आई म्हणते, बाईच्या जातीला असायचंच. काचताईला कुणी काही सांगावं लागत नसे. तिला थेंब सांगायचा.

हे सगळं धाकटीला ठाऊक होतं. धाकटी म्हणजे काचताईची पाठची बहीण, नऊ वर्षांनी लहान. बाजारामागच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा. दुकानातून दवाखान्यापर्यंत चालत गेलं तर पाऊण तास लागावा. दोघी बहिणी सात वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

आई गेली तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती आणि ताई चौदाची. त्या दिवसापासून ताईच आई झाली, आणि आईपेक्षा कडक झाली. वेणी घालायची ती डोळे ताणले जातील इतकी घट्ट. नखं बघायची, कानामागे बघायची, जीभ बाहेर काढायला लावून बघायची. धाकटीने म्हणावं, "ताई, पोट दुखत नाही आता." ताईने म्हणावं, "तू नको सांगूस, मला बघू दे." बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वासच बसत नसे. दुधावर साय आली आहे हेसुद्धा ती झाकण काढून बघे.

पुढे ताई तपासणीचं काम शिकायला लागली. एकदा सुट्टीच्या दिवशी तिने धाकटीला सोबत नेलं, उंच स्टुलावर बसवलं आणि डबक्यातल्या पाण्याचा थेंब दाखवला. धाकटी कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून बसली. मग म्हणाली, "ताई, हे सगळे एवढे पळतायत, यांना कुणी मारलं का?" ताई इतकी हसली, इतकी हसली की तिथल्या सरांनी दारातून डोकावून बघितलं. ताईला तसं हसताना धाकटीने पुढे फारदा बघितलं नाही. नोकरी लागली, वडील थकले, आणि घरचं ओझं ताईच्या खांद्यावर आलं. लग्नाचं कुणी विचारलं की ती म्हणायची, "आधी हिचं होऊ दे." हिचं झालं. आणि तोवर ताईला विचारणारे थांबले होते.

मग ते झालं.

धाकटी पहिल्यांदा गरोदर होती. पाचवा महिना लागला होता. अंगावरून हिरवट, फेसाळ जाऊ लागलं, लघवीला बसलं की आग. ती दुसरीकडे कुठे कशाला जाईल? ताईच्याच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सकाळी दहाला काच घेतली.

त्या दवाखान्याची तेव्हा एक रीत होती. तपासणीची खोली खाली, आणि प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. सकाळी रक्त, लघवी, थुंकी यांची रांग. बायकांच्या काचा आया एका ट्रेमध्ये जमा करून ठेवायची आणि सगळं आवरलं की दुपारी चारला वर न्यायची. कुणी ठरवून दिलेली रीत नव्हती. पडली होती तशी. दहाची काच चारपर्यंत खिडकीजवळ पंख्याच्या वाऱ्यात पडून राहिली.

चारला ताईने ती बघितली. बहिणीची म्हणून दोनदा बघितली. पांढऱ्या पेशी दिसल्या, गोल गोल, निवांत पडलेल्या. तिने लिहिलं, "विशेष काही आढळले नाही." डॉक्टरीणबाई धाकटीला म्हणाल्या, "गरोदरपणात जातंच गं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

सात आठवड्यांनी रस्त्यातच धाकटीचं पाणी गेलं. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. मुलगी झाली, मुठीएवढ्या तोंडाची. दोन दिवस राहिली. त्याच इस्पितळात धाकटीची पुन्हा काच घेतली. तिथे टेबलाशेजारीच सूक्ष्मदर्शक होता, तिथल्या तिथे बघितली आणि त्यांना ते सापडले. नासपतीच्या आकाराचे, शेपटी हलवत झटके देत पळणारे जंतू. जिवंत असतात तोवर पळतात. थेंब गार झाला, वाळत आला की थांबतात, गोल होतात, आणि मग पांढऱ्या पेशींत पांढऱ्या पेशी. ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाहीत. औषध साधंच होतं. नवराबायको दोघांनी घ्यायचं, की गेलं.

ताई भेटायला आली. खाटेशेजारी बसली. तिने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. कुणी काही विचारलं नव्हतं. दहाची काच चारला बघितली हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ताई गप्प राहिली असती तर जन्मभर कळलं नसतं. पण ती म्हणाली, "तुझी काच सहा तास पडून होती. मी थंड काच बघितली आणि काही नाही असं लिहिलं. तुझ्या अंगात हे तेव्हाही असणार."

धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

आणि ताईने ठेवलं नाही.

हेच धाकटीला गिळता येईना. पहिलं वर्षभर राग होता, तो खरा होता, त्याने तिला उभं ठेवलं. मग राग निवत गेला आणि त्याच्या खाली दुसरंच काही निघालं. दुसऱ्या वेळी मुलगी झाली, धडधाकट, रडली तर गल्ली जागी होईल अशी. बाराव्या दिवशी धाकटी दाराकडे बघत होती. मुलगी उभी राहिली, बोलू लागली, शाळेत गेली. धाकटी दाराकडे बघत होती. येऊ नकोस म्हटलं, ते दुःखात म्हटलं. एवढा शब्द पाळायचा असतो का कुणी? लहानपणी शंभरदा म्हटलं असेल, वेणी घालू नकोस, तेव्हा कधी ऐकलं होतं हिने? नवरा एकदा म्हणाला, "तूच जा की." धाकटी म्हणाली, "मी लहान आहे." नवऱ्याने कपाळावर हात मारला.

ताईची खबर मिळायची ती आयाकडून. आया दवाखान्याचे गणवेश धाकटीकडे टाकायची. कधी उसवून घ्यायचे, कधी आवळून. तिचं तोंड एकदा सुरू झालं की धरणाचा दरवाजा उघडल्यासारखं. धाकटी माप घेताना तोंडात टाचण्या धरायची. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला पुरे म्हणता येत नाही. म्हणून धाकटी जरा जास्तच टाचण्या धरायची.

"तुझी ताई वेडी झाली आहे," आया सांगायची. "सूक्ष्मदर्शक उचलून खाली आणला. एकटीने. तान्हं पोर घ्यावं तसा छातीशी धरून, एकेक पायरी बघत. चादरींची कोठी रिकामी केली माझी. आता चादरी कुठे ठेवू? डोक्यावर?"

धाकटी मान हलवायची.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वीस वर्षं झाली, मी नुसत्या वासाने सांगते काय आहे ते. काच कशाला? तर ही म्हणते कशी, सांगा की! चिठ्ठीवर लिहा आधी, मग मी बघते."

आणि तसंच झालं. तीन महिने चाललं ते. डॉक्टरीणबाई बाईला तपासून आपला अंदाज चिठ्ठीवर लिहीत, चिठ्ठी औषधांच्या रिकाम्या खोक्यात टाकत. काच तळहातावर धरून आया शेजारच्या कोठीत नेई, गरम असताना. ताई बघे आणि आपली चिठ्ठी दुसऱ्या खोक्यात टाके. या दुखण्यांची तीन नावं ताईने आपल्यापुरती पाडली होती. बुरशी असली की धागा. ते झटके देणारे जंतू असले की धावरा. आणि तिसऱ्या दुखण्यात पेशींच्या कडा बारीक जंतूंनी माखून जातात, कडा उरतच नाही, ते पीठ. पोळी लाटताना पीठ भुरभुरावं तशा दिसतात म्हणे त्या पेशी. पिठाच्या थेंबावर क्षाराचं पाणी घातलं की माशासारखा वास सुटतो, धाग्याला सुटत नाही. शिवाय कागदाची एक पट्टी असते, ओलाव्यात बुडवली की रंग बदलते. धागा असला की पट्टीचा आकडा सहसा चाराच्या आसपास, बाकीच्या दोघांत वर चढलेला. "तोंडावळा सख्ख्या बहिणींचा," ताई म्हणायची, "आणि औषधं सवतींची. एकीचं दुसरीला दिलं की घरात आग."

तीन महिन्यांनी दोन्ही खोकी टेबलावर उपडी केली. डॉक्टरीणबाईंनीच जोड्या लावल्या. दहातल्या चार चिठ्ठ्या जुळेनात. त्या दिवशी बाई चहाला बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच त्यांनी गवंडी बोलावला आणि तपासणीची खोली आणि कोठी यांच्या मधल्या भिंतीत वीतभर खिडकी पाडून घेतली. काच इकडून द्यायची, तिकडून घ्यायची. जिना नाही, ट्रे नाही, पंखा नाही.

"मानलं बाईंना," आया म्हणाली होती. "चूक कळली की लोक पडदा लावतात. यांनी खिडकी पाडली."

ते ऐकताना धाकटीच्या तोंडातली एक टाचणी खाली पडली. ती शोधायला ती बराच वेळ टेबलाखाली वाकून राहिली.

यंदा धाकटीला पुन्हा त्रास सुरू झाला. आठ महिने झाले. आता हिरवट नव्हतं. दह्यासारखं घट्ट जायचं, आणि खाज अशी की मशीनवर बसवेना. तिने गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधवाल्याकडून गोळ्या आणल्या. चार दिवस बरं, मग दुप्पट. मग एका डॉक्टरला दाखवलं. त्याने तिच्याकडे न बघताच लिहून दिलं. पुन्हा तेच. मग शेजारणीने तिच्या गोळ्यांतल्या उरलेल्या दिल्या. धाकटी खुर्चीच्या कडेला बसून पायडल मारायची, आणि नवरा जवळ आला की कूस बदलायची. एका रात्री नवरा म्हणाला, "माझं काही चुकलं का?" तिला सांगता येईना. आणि मनात एक भुंगा शिरला होता. तेच असेल. तेव्हाचं, आत राहिलेलं. ज्याने पहिली नेली ते.

आयाने बघितलं. "खुर्चीत काटे पेरलेत का गं?"

टाचण्या नव्हत्या तोंडात. धाकटी रडली.

आयाने सगळं ऐकून घेतलं, नाक पुसायला आपलाच पदर दिला आणि म्हणाली, "गुरुवारी ये. गुरुवारी तुझ्या ताईला सुट्टी असते. बाई तपासतील, दुसरी पोरगी असते ती काच बघेल. तुझी ताई तुला दिसणार नाही, तू तिला दिसणार नाहीस."

"नक्की?"

"माझ्या डोक्यावरच्या चादरींची शपथ."

गुरुवारी धाकटी गेली. दवाखान्याला नवा रंग दिला होता, बाकीचं तसंच. बाकावर दोन बायका, मधे भरपूर जागा सोडून, जणू एकीचं दुखणं दुसरीला ऐकू जाईल. डॉक्टरीणबाईंचे केस पिकले होते. त्यांनी धाकटीला ओळखलं. खांद्यावर थोपटलं. टेबलावर झोपवलं, पाय वर घ्यायला सांगितलं, म्हणाल्या, "श्वास सोड. जरा गार लागेल." कापसाची काडी, थेंब, काच. मग त्या भिंतीकडे वळल्या आणि खिडकीवर दोन टकटक केल्या.

"तीन नंबर," बाई म्हणाल्या.

खिडकी सरकली. एक हात आला. तळवा वर, बोटं जुळलेली, ओंजळीच्या अर्ध्यासारखी. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याची पांढरी खूण.

ती खूण धाकटीच्या शाळेच्या झग्याला इस्त्री करताना पडली होती.

हात काच घेऊन आत गेला. खिडकी बंद झाली. आया दाराशी उभी होती, छताकडे बघत, जणू छताला काही झालं आहे.

"गुरुवारी सुट्टी असते ना?" धाकटी दातांतल्या दातांत म्हणाली.

"असते की," आया म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी ती घरी बसत नाही, यात माझा काय दोष?"

दोन मिनिटं झाली. तीन झाली. मग भिंतीपलीकडून आवाज आला, जरासा घोगरा, पण तोच. "धागा. भरपूर आहे. कळ्याही आहेत. पट्टी चार. माशाचा वास नाही. बाई, आधी कोणत्या गोळ्या खाल्ल्यात विचारा. जंतू मारायच्या खाल्ल्या असतील. त्यांनीच वाढलंय हे."

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे बघितलं. उत्तर त्यांनाही देता आलं असतं, धाकटीने त्यांना सांगितलंच होतं. पण त्यांनी धाकटीलाच बोलू दिलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे.

"खाल्ल्या," धाकटी म्हणाली. "तीनदा."

भिंतीपलीकडे स्टुलाचा पाय घासल्याचा आवाज आला. बाहेरच्या बाकावरची बाई खोकली.

"बाई," भिंत म्हणाली, "मला अजून एक काच द्या."

बाईंनी दुसरी काच दिली. हाताने घेतली. पाच मिनिटांनी आवाज आला, "अजून एक."

"धागा आहे म्हणालात ना?"

"धागा आहेच. दुसरं काही लपलंय का बघते."

"दोन काचा बघितल्यात तुम्ही."

"तिसरी द्या."

तिसरी दिली. धाकटी उठली, कपडे नीट केले. बाई कागदावर औषध लिहीत होत्या, आत ठेवायच्या गोळ्या, सहा रात्री. आयाने दार उघडून धरलं. बाहेरचं नाही, कोठीचं.

कोठीत एक टेबल, एक दिवा, निळ्या रंगाची बाटली, काचांचं खोकं. वरच्या फळीवर अजूनही चार चादरी होत्या. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. केस मागून पूर्ण पांढरे झाले होते. तिने मान वर केली नाही.

"थांब," ताई म्हणाली. "एक कोपरा राहिलाय."

"सात वर्षं राहिलाय," धाकटी म्हणाली.

"हलू नकोस. टेबल हलतं."

धाकटी हलली नाही. ताईची बोटं काच इवली इवली सरकवत होती, ओळीने, शेतात नांगर चालावा तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. शेवटची ओळ झाली. ताईने डोळा काढला. डोळ्याभोवती भिंगाचं वर्तुळ उमटलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "पळणारं काही नाही. तिन्ही काचांत नाही. जिवंत असताना बघितल्या. हे तेव्हाचं नाही. साधी बुरशी आहे, सहा दिवसांत जाईल."

"मला बघू दे."

ताई स्टुलावरून उठली. धाकटी बसली. आधी नुसता उजेड दिसला, मग पापण्याच, मग ताईने मागून हात घालून एक चाक जरासं फिरवलं आणि चित्र उभं राहिलं. फांद्या. बारीक, काटक्यांसारख्या, आणि फांद्यांना गोल कळ्या. सगळं स्तब्ध. कुठेही काही पळत नव्हतं. आठ महिने ज्याला भिऊन ती कूस बदलत होती ते असं दिसत होतं, वाळल्या कुंपणासारखं.

डोळा भिंगालाच ठेवून धाकटीने विचारलं. तोंडाकडे बघून तिला विचारता आलं नसतं. "तेव्हा गरम असताना बघितली असतीस तर दिसलं असतं?"

"दिसलं असतं."

"ती राहिली असती?"

ताईने निळ्या बाटलीचं बूच घट्ट केलं. दिव्याभोवती एक चिलट फिरत होतं. "औषध मिळालं असतं एवढं मला माहीत आहे. ती राहिली असती का, ते मी बघितलेलं नाही. हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. बघितलं नाही ते मी सांगत नाही, एवढंच उरलंय माझ्याकडे."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, देवाची मर्जी. धाकटीला बऱ्याच जणांनी तसं म्हटलं होतं. ते ऐकून कधी तिला रडू आलं नव्हतं. आता आलं. भिंग धुसर झालं आणि फांद्या विरघळल्या.

"भिंगावर पाणी पाडू नकोस," ताई म्हणाली, आणि स्वतःच्या गळ्यातल्या ओढणीने आधी भिंग पुसलं, मग धाकटीचं तोंड.

"का नाही आलीस?"

"तूच म्हणालीस."

"म्हटलं म्हणून? माझं ऐकायची सवय कधीपासून लागली तुला?"

ताई काचा गोळा करू लागली. औषधाच्या पाण्यात एकेक सोडू लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुझ्या मशीनचा पट्टा सैल झालाय. गेल्या पावसाळ्यापासून खडखडतोय. घट्ट करून घे."

दुकानात येणाऱ्या कुणाही गिऱ्हाइकाला ते ऐकू आलं नव्हतं. पट्ट्याची खडखड कळायची ती कुणी नसताना, संध्याकाळी, गल्ली सामसूम झाली की, दाराबाहेर उभं राहिलं तर. धाकटीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने ताईची ओढणी मागून मुठीत धरली, पाच वर्षांची असताना बाजारात धरायची तशी, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. ताई काचा धुत राहिली.

खिडकीवर टकटक झाली. "चार नंबर," बाई म्हणाल्या. "सुट्टी असली तरी."

"सोड," ताई म्हणाली. "काच थांबणार नाही."

धाकटीने सोडलं. ताईने ती काच बघितली, दुसरी एक बघितली, आणि धाकटी चादरींखाली उभी राहून तिच्या पाठीकडे बघत राहिली. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता. हे कधी झालं, कुणी बघितलं होतं?

दुपारी दोघी फाटकापर्यंत आल्या. आया मागून बादली घेऊन आली. फाटक धुवायचं काम तिला नेमकं आताच आठवलं होतं. तिथून रस्ता दोन्हीकडे फुटतो. डावीकडे बाजार, उजवीकडे ताईची खोली.

"मुलगी चारला शाळेतून येते," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे. निळं दप्तर."

"दप्तर माहीत आहे, आवाज नाही माहीत. इतकी बडबडते. मावशी आहे तिला, एवढं माहीत आहे. कुठे आहे विचारते."

"काय सांगतेस?"

"कामावर आहे सांगते." धाकटीने बाजाराकडे बोट केलं. "चल ना. आजच चल."

ताईने डावीकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, तिचं एक पाऊल पडलंही होतं. मग तिने ते मागे घेतलं.

"सहा दिवस औषध घे," ती म्हणाली. "आठव्या दिवशी ये. मी काच बघते. ती स्वच्छ निघू दे. तुझ्या घरी रिकाम्या हाताने नाही यायचं मला."

"वेडी आहेस का तू? मला काय काच हवी आहे? मला..."

"मला हवी आहे," ताई म्हणाली. "एकदा तुझी काच बरोबर लिहायची आहे मला, शेवटपर्यंत. अर्धी नाही. तुझं तू बघ, पण मला त्याशिवाय तुझ्या उंबऱ्यावर पाय टाकवणार नाही."

धाकटीला भांडायचं होतं. शब्दही तोंडाशी आले होते. पण ताईने हात पुढे केला, धाकटीच्या कपाळावर आलेली बट कानामागे ओढली, नेहमीसारखी जरा जास्तच जोरात, आणि वळली.

ती उजवीकडच्या रस्त्याने चालू लागली. उन्हातून, भिंतीची सावली असूनही उन्हातूनच, एका खांद्याने जराशी कलून. कोपऱ्यावर एक हातगाडी आडवी आली. ताई थांबली, गाडीवाल्याला जाऊ दिलं, आणि ओढणी डोक्यावर घेऊन पुढे निघाली. मागे वळून बघितलं नाही. धाकटी फाटकाला धरून बघत राहिली, आणि तिच्याशेजारी आया, बादलीतलं पाणी तसंच ठेवून.